शेवटच्या ताटावरचा उजेड

संध्याकाळचे साडेपाच. मेंढरांचा एक कळप रस्त्यावरून गेला, त्याची धूळ हळूहळू खाली बसली, आणि घराच्या उजव्या अंगाचं लोखंडी शटर खडखडत वर सरकू लागलं. आधी दिसली जमिनीवर अंथरलेली निळी ताडपत्री. मग भिंतीला टेकवलेल्या चाळण्या, सुपं, तोंडं बांधलेल्या कापडी पिशव्या. शटर पार वर जाऊन ठाण्‌ करून थांबलं, तेव्हा छताच्या दोन ट्यूबलाइट एकदा लुकलुकल्या, विझल्या, पुन्हा लुकलुकल्या आणि तिसऱ्या खेपेला कुरकुरत पेटल्या. रंगमंच तयार झाला. गाव देऊळगाव राजाहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचं, आणि रंगमंच म्हणजे राजकुमारच्या घराचं गॅरेज.

गॅरेज हे नावालाच. बांधलं होतं चारचाकीसाठी, पण पहिल्याच हंगामात त्यात मिरचीचं बी शिरलं आणि गाडी कडुनिंबाखाली गेली. या भागात शेडनेटच्या जाळीखाली मिरची, टोमॅटो, काकडी घेतात ती खायला नाही, बियाण्यासाठी. पिकलेली मिरची फोडायची, बी धुवून वाळवायचं, चाळायचं, पाखडायचं आणि शेवटी हातानं निवडायचं. सोनेरी, कडब्याच्या रंगाचं बी ठेवायचं. तपकिरी, काळवंडलेलं, पोचट बाहेर टाकायचं. मग पिशवी शिवून कंपनीकडे.

एकेक करून बायका आत आल्या. धम्मशीला, तिच्या मागून राजकुमारची बायको वंदना, मग त्याची चुलत काकू सुभद्राबाई, जिची जीभ मिरचीहून तिखट. आणखी दोघी आल्या. प्रत्येकीपुढं स्टीलचं एक ताट. या गावची रीत अशी, की बी पहिल्या ताटातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं पुढं सरकत जातं आणि प्रत्येक नजर त्यातलं काहीतरी खुडून काढते. ओळीच्या टोकाला असतं शेवटचं ताट. त्या ताटावर जी बसते तिच्यानंतर बी कुणी पाहत नाही, थेट पिशवीत जातं. म्हणून शेवटच्या ताटावर गावात सगळ्यांत तिखट नजर असलेली बाई बसते. ती निवडताना बोलत नाही, आणि चहा आला की पहिला कप तिचा.

सगळ्या बसल्यावर ती आली. नायिका कधीच पहिल्या प्रवेशात घाईनं येत नाही. बासष्ट वर्षांची, शिडशिडीत, हिरवं लुगडं, कपाळावर गोंदणाचा ठिपका. राजकुमारची आई, मंजुळाबाई. अठरा हंगाम ते ताट तिचं होतं, आणि अठरा हंगामांत तिच्या ताटावरून गेलेली एकही पिशवी परत आली नव्हती.

त्या संध्याकाळी ती बसणार एवढ्यात बाहेर कंपनीची गाडी थांबली. बी तपासून घेणाऱ्या सुवर्णा मॅडम उतरल्या, आणि त्यांच्या मागून ड्रायव्हरनं खांद्यावरून उतरवली ती शिवलेली पिशवी, गेल्या आठवड्यात इथूनच गेलेली.

"मावशी, काय सांगू," मॅडम अवघडून म्हणाल्या, "रंग गेलेलं बी जास्त निघालं. घेता येत नाही. आठ दिवस देते. पुन्हा निवडून द्या."

गॅरेजात कुणीतरी शिंकलं. मिरचीच्या बियांपाशी शिंका काही नव्या नाहीत, पण पिशवी परत येणं नवं होतं. सगळ्यांच्या माना पिशवीकडून वळून टोकाच्या ताटाकडे गेल्या.

मंजुळाबाई त्या ताटावर जाऊन बसली. शेवटच्या ताटावर बोलायचं नसतं.

जेवताना राजकुमारनं विषय काढला. पोरगा मायाळू, म्हणून जास्त घाबरत बोलला. "आई, तुझ्यावर आता किती दिवस ओझं टाकायचं? वंदना बसेल शेवटच्या ताटावर. तू आपली देखरेख कर."

"देखरेख?" मंजुळाबाईनं भाकरीचा घास खाली ठेवला. "मी काय सरपंच हाये बे? काय देखरेख करू, पंखा फिरते का नाई ते?"

"तसं नाही, डोळे थकतात माणसाचे..."

"तुह्ये थकले का? नाई न? मंग माह्ये काऊन थकतीन?"

वंदना मान खाली घालून वाढत होती. तिला ते ताट नको होतं. या घरात आली तेव्हा चांगलं बी कोणतं, वाईट कोणतं हे तिला सासूनंच शिकवलं होतं, तिचं बोट हातात धरून. "आत्याबाई, मी नाही बसत," ती हळूच म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी ओट्यावर सुभद्राबाईनं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, मंजुळाबाईच्या बोलीची नक्कल करत, म्हणून घेतलंच, "मंजुळाबाई, आता ताट सोडा अन् माळ धरा. माळेचे मणी मोठे असतेत, दिसतीन तुमाले!"

बायका हसल्या. मंजुळाबाईही हसली, पण आतून तिचं काहीतरी तुटलं. ताट म्हणजे तिचं सगळं आयुष्य होतं. माहेर वडनेर भोलजी. तिथं आठ वर्षांची असताना आईशेजारी बसून तिनं ज्वारीतले खडे निवडायला सुरुवात केली, आणि दहाव्या वर्षी आईनं स्वतःचं सूप तिच्यापुढं सरकवलं. सतराव्या वर्षी ती लग्न होऊन इकडे आली. इकडचे लोक तिच्या 'मले-तुले'ला हसले. ती म्हणाली, हसा, मी काही बोली माहेरी ठेवून येत नाही, आणि आजवर तिनं ती ठेवली नाही. नवरा शालिग्राम यानं गावातलं दुसरं शेडनेट उभं केलं तेव्हा लोक म्हणाले, मच्छरदाणीत शेती करतोय. दुपारनंतर चिमट्यानं एकेक कळी उघडून तिचे पुंकेसर काढायचे, दुसऱ्या सकाळी तिला दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे. एवढं बारीक काम पहिल्यांदा जमलं ते मंजुळाबाईला. तिनं ते गावातल्या तीसेक पोरींना शिकवलं, एका पैचीही अपेक्षा न ठेवता. शालिग्राम सहा वर्षांपूर्वी गेला. तेराव्याला माणसं निघून गेल्यावर ती उठली आणि गॅरेजात जाऊन ताटावर बसली. "बी वाट पाहत नाई," एवढंच म्हणाली.

आणि आता तिला माळ धरायला सांगत होते.

तिसऱ्या दिवशी राजकुमारनं तिला जालन्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. ती गेली, पण जाताना परत आलेल्या पिशवीतलं मूठभर बी पदराच्या टोकाला बांधून घेतलं. आपलं काय चुकलं ते तिला पाहायचंच होतं. कुठं आणि कधी, हे तिलाही माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी यंत्रातून डोळे तपासले, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, मग हातात बारीक छापलेला कागद दिला. डॉक्टर म्हणाले, "आजी, मोतीबिंदू नाही. लांबचं थोडं अंधुक आहे, लांबचा चष्मा घ्या. जवळचं मात्र तुम्हाला चष्म्यावाचून दिसतं. या वयात असं नशीब कमी लोकांचं."

"लांबचं काय पाहाचं हाये मले?" ती म्हणाली. "बी तं मांडीवर असते."

राजकुमारला पुरतं पटलं नाही. दवाखान्यात दिसणं वेगळं, रोज दोन तास निवडणं वेगळं, असं पुटपुटत तो औषधाच्या खिडकीवर गेला. मंजुळाबाई बाकावर बसली. डोक्यावर छतात बसवलेला चौकोनी दिवा होता, त्याचा उजेड सपाट आणि शांत, कुठं कुरकुर नाही की थरथर नाही. तिनं पदराची गाठ सोडली आणि बी तळहातावर घेतलं.

आणि ती थक्क झाली. तिच्या हातावर, तिनं स्वतः निवडलेल्या त्या बियांत, तपकिरी बी होतं. एक नाही, पाच. सहा. अगदी उघडं, भरल्या सभेत टोपी न घातलेल्या माणसासारखं. हे तिला गॅरेजात दिसलं नव्हतं. इथं दिसत होतं. डोळे तेच, बी तेच.

"आजी, इथं कचरा करू नका," नर्स म्हणाली.

"कचरा नाई माय," मंजुळाबाई बी मुठीत घट्ट धरत म्हणाली, "साक्षीदार हाये हे."

घरी आल्या आल्या तिनं चप्पलसुद्धा न काढता शटर वर करायला लावलं, ट्यूब लावल्या आणि मान वर करून पाहिलं. ट्यूबच्या खाली, पूर्ण छतभर, शेडनेटचा उरलेला हिरवा तुकडा ताणलेला होता. या हंगामाच्या सुरुवातीला ट्यूबभोवती जमणारे किडे टपाटप ताटात पडू लागले म्हणून राजकुमारनं तो लावला होता. किडे थांबले, सगळे खूश झाले. पण उजेड त्या जाळीतून गाळून खाली यायचा तो हिरवट होऊन. शहरातल्या कुणालाही ते पहिल्या क्षणी खटकलं असतं. या घरात कुणालाही खटकलं नाही, कारण ही माणसं दिवसभर हिरव्या जाळीखालीच राबतात. ज्याचा दिवसच हिरवा, त्याला हिरवी संध्याकाळ कशी कळणार?

"राजू, बस," संध्याकाळ होताच ती म्हणाली. "तू बी बस वंदना."

दुपारी ओट्यावर भर उन्हात तिनं तपकिरी बी वेगळं करून घेतलं होतं. त्यातलं वीस बी तिनं चांगल्या बियांत मिसळलं आणि ताट मुलापुढं सरकवलं. राजकुमारनं डोळे बारीक करून निवडलं. अकरा सापडले. वंदनाला तेरा.

"काय झालं रे तुह्या डोळ्याले?" मंजुळाबाईनं विचारलं. "तू तं पस्तिशीचा. माळ धरतं का आता?"

राजकुमार पहिल्यांदा ओशाळला, मग हसला, आणि मग उठून त्यानं एका झटक्यात ती जाळी खाली ओढली. पुढल्या पाच मिनिटांत ट्यूबभोवती किड्यांची जत्रा भरली आणि ताटात तुडतुडे नाचू लागले. पिशवीत एक किडा गेला तरी कंपनी पिशवी परत पाठवते. जाळी लावावी तर रंग दिसत नाही, काढावी तर किडे. दिवसा निवडावं तर सगळ्या बायका शेतात मिरची तोडायला, आणि ओट्यावर वारा बी उडवून नेतो. चार दिवस उरले होते.

"नव्या ट्यूब आणतो. जास्त उजेडाच्या," राजकुमार म्हणाला.

"तू नको आणू. मी येते संगं. अन् वंदना, ते बी घे. ताट बी घे."

देऊळगाव राजाच्या बाजारात माणिकरावांचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंजुळाबाईनं त्यांच्या काउंटरवर ताट ठेवलं तेव्हा ते चष्म्यावरून पाहत राहिले.

"मावशी, हे दुकान आहे, खळं नाही."

"खळ्यात तुमचे दिवे नाईत न भाऊ. म्हणून मीच आले. गाडी घेतानी चालवून पाहतेत, मंग दिवा काऊन नाई?"

काउंटरवर आधीच तीन गिऱ्हाइकं होती; ती सरकली, पण गेली नाहीत. चांगला खेळ फुकटात पाहायला मिळत असेल तर आपल्याकडे कोण जातो?

रीत अशी ठरली: वंदना मागं वळून तपकिरी बी मोजून ताटात टाकणार, किती ते सासूला सांगणार नाही. मंजुळाबाई निवडणार आणि 'झालं' म्हणणार. मग मोजायचं.

पहिली नवीकोरी ट्यूब. माणिकरावांनी लावली, ती दोनदा लुकलुकली. मंजुळाबाईची बोटं चिमणीच्या चोचीसारखी चालू लागली. मधेच बाजारात कुणाची तरी पिठाची गिरणी सुरू झाली असावी. विजेचा दाब उतरला, ट्यूब थरथरली, आणि तिची बोटं थांबली. "झालं." टाकले होते चोवीस, निघाले एकोणीस.

"नवी आहे मावशी!" माणिकराव म्हणाले.

"नवी हाये पण लाजते. सारखी पापणी लवते तिची."

मग आली एलईडीची पट्टी. न लुकलुकता, बटण दाबताच. पांढरीशुभ्र, निळसर. बघणारे म्हणाले, "वा! काय उजेड!" पण त्या उजेडात सोनेरी बीही फिकट, तपकिरीही फिकट, सगळे पावडर लावून बसल्यासारखे. एकवीसपैकी अठरा. मंजुळाबाईनं मान हलवली. "उजेड लय हाये. पण खोटं गोरं करते."

"मग पिवळा घ्या," एक गिऱ्हाईक म्हणालं. पिवळा लावला, तर सगळंच बी तपकिरी. अर्धंही निघालं नाही. "हा आरतीले चांगला," ती म्हणाली, आणि दुकान हसलं.

माणिकराव आता पेटले होते. ते आत गेले, फळीवरून धूळ पुसत एक खोकं घेऊन आले. "हा मधला. ना निळा, ना पिवळा. कापडवाले नेतात, रंग खरा दिसतो म्हणतात. थोडा महाग, म्हणून आपल्याकडे पडून आहे."

मधली पट्टी लागली. दुकानात अचानक दुपार झाल्यासारखं वाटलं, ढगाळ पण स्वच्छ दुपार. मंजुळाबाई क्षणभर ताटाकडे नुसती पाहत राहिली. मग बोटं निघाली. या वेळी ती थांबली नाही, वळून पाहिलं नाही, ताट एकदाच हलवलं आणि हात पुसून म्हणाली, "झालं."

राजकुमारनं मोजलं. पुन्हा मोजलं. "सत्तावीस."

सगळ्यांनी वंदनाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "सत्तावीसच टाकले होते, आत्याबाई."

टाळी पहिल्यांदा कुणी वाजवली कुणास ठाऊक, पण वाजली. माणिकराव स्वतःच जिंकल्यासारखे खूश झाले. "आणि मावशी, किडे," ते बाहेरच्या छपरीकडे बोट दाखवत म्हणाले. छपरीत एका टोकाला जुनी ट्यूब होती, तिच्याभोवती किड्यांचा ढग. दुसऱ्या टोकाला एलईडीचा दिवा, तिथं चुकार दोन-तीन पाखरं. "या दिव्यांकडे किडे कमी येतात. अजिबात नाही असं नाही सांगत, खोटं बोलून धंदा करत नाही मी. पण जाळीची गरज पडायची नाही."

मंजुळाबाई छपरीखाली जाऊन उभी राहिली. हात पसरून तिनं तळवा आधी ट्यूबखाली धरला, मग दुसऱ्या दिव्याखाली. दोन्हीकडे मनातल्या मनात शंभर मोजले. पहिल्यांदा तळव्यावर सात किडे पडले. दुसऱ्यांदा एकही नाही. मग ती आत येऊन म्हणाली, "चार द्या."

त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या चार पट्ट्या गॅरेजात लागल्या, आणि कुठं लावायच्या तेही तिनंच सांगितलं: मागून नाही, नाहीतर निवडणारीची सावली तिच्याच ताटावर पडते; समोरून आणि दोन्ही अंगांनी. जन्मभर ज्यानं रंगमंचावर दिवे बांधले त्यानंही यात काही बदललं नसतं. संध्याकाळी बायका आल्या त्या उंबऱ्यावरच थबकल्या. एकमेकींच्या साड्यांचे रंग त्यांना तिथं पहिल्यांदा दिसले. धम्मशीला म्हणाली, "अगं बाई, माझी साडी जांभळी आहे होय!"

सुभद्राबाई आपल्या ताटावर बसली, पहिली मूठ पुढं घेतली आणि ताटावर वाकली. तिच्या ताटातून तिला एवढं तपकिरी बी दिसलं, की तिनं चोरून टोकाकडे पाहिलं. मंजुळाबाई तिकडं पाहतच नव्हती. ती निवडत होती. तीन संध्याकाळी त्या सहा जणींनी परत आलेली पिशवी दाण्यादाण्यानं पुन्हा काढली. पाच ताटांवरून येताना बी इतकं स्वच्छ व्हायचं, की शेवटच्या ताटावर कधी चार, कधी दोन तपकिरी दाणे उरायचे. पण उरायचे, आणि ते तिलाच सापडायचे. चहा आला की पहिला कप वंदना न विचारता टोकाला न्यायची, आणि एका संध्याकाळी तो सुभद्राबाईनं स्वतः नेला. "घ्या बाई," एवढंच म्हणाली. तिच्या तोंडून तेवढंच पुष्कळ होतं.

आठव्या दिवशी सुवर्णा मॅडम आल्या. पिशवी उघडली, काळ्या कागदावर मूठभर बी पसरलं, भिंग लावलं. मग दुसरी मूठ. मग पिशवीच्या तळातून तिसरी. गॅरेजात कुणी शिंकलंसुद्धा नाही. मॅडमनी भिंग खाली ठेवलं तेव्हा त्या हसत होत्या.

"हे मी नमुना म्हणून ठेवणार आहे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या गावांना दाखवायला. आणि हे दिवे कुठले, तेही सांगा, मला लिहून द्यायचं आहे. शेवटची निवड कुणाची?"

राजकुमार पुढं झाला. त्याच्या आवाजात आठ दिवसांपूर्वीची भीती नव्हती, माफीही नव्हती. होता फक्त अभिमान, तोही असा की त्याला तो लपवता येईना. "आईची. शेवटचं ताट आमच्या आईचं आहे."

मॅडमनी फॉर्म काढला, पेन उघडलं. "मावशी, तुमचं नाव सांगा. पूर्ण."

मंजुळाबाईनं पदर सारखा केला, पाठ ताठ केली, आणि गॅरेजाच्या कोपऱ्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"लिवा. मंजुळाबाई शालिग्राम. अन् खाली लिवा, चष्मा नाई."